हा आणि तो

नावं लिहीत नाही कुणाची. हा म्हणजे माझा, सहा वर्षं आम्ही एका घरात राहतोय. आणि तो म्हणजे ह्याचा आधीचा. जवळच्याला हा, लांबच्याला तो, भाषेत इतकं साधं आहे ते, आणि सहा वर्षं मला ते पुरलं कारण लांबचा खरंच लांब होता, दुसऱ्या शहरात, लग्न करून, नंबर बदलून. मग एका मंगळवारी रात्री पावणेअकराला हा बाथरूमच्या दारात येऊन उभा राहिला आणि काही न बोलता फोन माझ्यासमोर धरला. अनोळखी नंबर. "मी परत आलोय. आमचा डिव्होर्स झाला. एकदा भेटशील?" खाली नाव नव्हतं आणि ह्याच्या चेहऱ्याकडे बघून मला विचारायची गरजही पडली नाही.

"भेट ना," मी म्हणालो. लगेच म्हणालो. आता कळतं की घाबरलो होतो म्हणून इतकं लगेच म्हणालो, पण त्या क्षणी मला वाटलं आपण मोठ्या मनाचे आहोत, आणि ह्यानं फोन लपवला नाही, आणून दाखवला, म्हणजे आमचं सगळं ठीक आहे.

मला काय माहीत होतं तेवढं आधी सांगतो. आमच्या तिसऱ्या की चौथ्या भेटीत ह्यानं दोन वाक्यांत उरकलं होतं. पाच वर्षं एक जण होता, मग त्यानं लग्न केलं. बस. मी पुढे काही विचारलं नाही. कुणाच्या जुन्या गोष्टी उकरू नयेत असं माझं मत होतं आणि ते मी सहा वर्षं अगदी अभिमानानं सांभाळलं, मित्रांना सांगायचोसुद्धा की आम्ही एकमेकांच्या एक्सबद्दल बोलत नाही, आम्हाला गरजच पडत नाही. ती माझी सोय होती खरं तर. मला वाटत होतं ह्याला सांगायचं नाहीये आणि ह्याला वाटत होतं मला ऐकायचं नाहीये, आणि दोघंही एकमेकांना समजूतदार समजत होतो.

शनिवारी भेटले दोघं. हा साडेसहाला गेला, नऊपर्यंत येतो म्हणाला, सव्वाअकराला आला. मधल्या वेळात मी टेबलाचा खालचा ड्रॉवर काढला, ज्यात जुन्या वायरी आणि चार्जर कोंबलेत, सगळ्या जमिनीवर ओतल्या, एकेक सोडवली, गुंडाळली, रबर लावलं, आणि तरी वेळ उरला म्हणून पुन्हा सोडवून पुन्हा गुंडाळल्या. फोन केला नाही. मेसेज तीनदा टाइप केला आणि तीनदा पुसला.

हा आला आणि बूट न काढताच खुर्चीत बसला. मी विचारलं काय झालं. "त्यानं माफी मागितली." मग? "मग मी रडलो. खूप वेळ रडलो रे."

या सगळ्या प्रकरणात मला सगळ्यात जास्त लागलं ते हेच. ह्याचे वडील गेले तेव्हा मी ह्याच्या शेजारी होतो, हॉस्पिटलपासून शेवटपर्यंत, आणि हा एकदाही रडला नाही, कागदपत्रं बघत होता, लोकांना फोन करत होता, रात्री मी पाठीवर हात ठेवला तर म्हणाला तू झोप. सहा वर्षांत माझ्यासमोर कधीच नाही, आणि त्याच्यासमोर पहिल्याच भेटीत. तुमच्यात काही झालं का, हा प्रश्न मी मनात तयार ठेवला होता आणि उत्तराचीही तयारी केली होती, हात धरला, मिठी मारली, त्याहून जास्त, सगळ्याची. रडण्याची केली नव्हती. आपल्या माणसाच्या डोळ्यातल्या पाण्यावरसुद्धा मी हक्क धरून बसलो होतो हे मला त्या रात्री कळलं, आणि ते कळल्यावर मत्सर कमी झाला असं काही नाही, वाढलाच.

झोप दोघांनाही नव्हती. पहाटे कधीतरी हा अंधारात बोलायला लागला.

दोघं तेव्हा चोवीस-पंचवीसचे. एक खोली, दोन पलंग. जगासाठी रूममेट. दुसऱ्या पलंगावर कुणी झोपत नाही हे कुणाला दिसू नये म्हणून रोज सकाळी उठल्यावर त्या पलंगावरची चादर विस्कटायची आणि उशी दाबून तिला खळगा पाडायचा. कधी ह्यानं, कधी त्यानं. पाच वर्षं, रोज. भांडण झालं की एक जण खरंच त्या पलंगावर जाऊन झोपायचा आणि त्या सकाळी तेवढं काम वाचायचं. हे सांगताना हा हसला थोडा. मी नाही हसलो, मला ते डोळ्यासमोर दिसत होतं, दोन तरुण पोरं ऑफिसला जायच्या घाईत आहेत आणि त्यातलं एक जण न झोपलेल्या पलंगावर झोपल्याच्या खुणा करतंय.

मग त्याच्या घरून लग्नाचा लकडा सुरू झाला. वर्षभर टाळलं त्यानं, मग हो म्हणाला. ह्याला आमंत्रण होतं, जवळचा मित्र म्हणून. हा गेला. सामान उचललं, लोकांना गाडीतून आणलं-सोडलं, आणि शेवटी ग्रुप फोटोत उभा राहिला, डावीकडून तिसरा. परत आल्यावर दुसऱ्या दिवशी ऑफिस. पोट बिघडलंय सांगून एक सुट्टी काढली, ती पण एकच. रूममेटचं लग्न झालं म्हणून आठवडाभर सुट्टी कोण देणार, आणि मागायची तरी काय सांगून? घरमालकानं विचारलं की आता दुसरा रूममेट बघणार ना, भाडं एकट्याला जड जाईल. ह्यानं बघितला. तिसऱ्या आठवड्यात त्या दुसऱ्या पलंगावर खरोखरचा माणूस येऊन झोपायला लागला.

एवढंच. ह्याच्या पाच वर्षांच्या संसाराचा शेवट हा असा, घरमालकाच्या एका प्रश्नानं.

नंतरचे दिवस मी रात्र रात्र वाचत बसायचो, कारण ह्याच्यावर रागवायला मला कारण सापडत नव्हतं आणि न रागवता राहताही येत नव्हतं. केनेथ डोका म्हणून अमेरिकन अभ्यासक आहेत, दुःखावर काम केलेले, त्यांनी १९८९ मध्ये एक पुस्तक संपादित केलं ज्या दुःखाला आजूबाजूचे लोक दुःख म्हणूनच मोजत नाहीत त्याबद्दल. मी त्याला बेदखल दुःख म्हणतो. त्यांचं म्हणणं असं की कधी नातंच मान्य नसतं, कधी गमावलेली गोष्ट मोठी मानली जात नाही, कधी रडणारा माणूसच खिजगणतीत नसतो, आणि मग त्या माणसाला कुणी भेटायला येत नाही, कुणी विचारत नाही, आणि दुःख आत तसंच राहतं. मी वाचत होतो आणि बोटावर मोजत होतो. नातं मान्य नाही, हो. नुकसान दिसलं नाही, हो. रडणारा मोजला नाही, हो. ह्याच्या बाबतीत तिन्ही.

वडील गेले तेव्हा लोक आले होते भेटायला. शंभर तरी आले असतील. तेव्हा रडायची गरज ह्याला का पडली नाही आणि इथे का पडली, हे मला त्या पानावर जरा कळलं. त्या लग्नानंतर ह्याच्याकडे एकही माणूस आलं नव्हतं. त्या पाच वर्षांना दुसरा साक्षीदारच नाही, एकच आहे, आणि तो नऊ वर्षांनी परत आला.

आपण समलिंगी माणसं लग्नाचा हक्क मागतो तेव्हा बोलतो ते सगळं सुरुवातीबद्दल असतं. डेन्मार्कनं १ ऑक्टोबर १९८९ ला जगात पहिल्यांदा समलिंगी जोड्यांची सरकारी नोंदणी सुरू केली, त्या पहिल्या दिवशीच्या जोड्यांत ॲक्सेल आणि आयगिल ॲक्सगिल होते, त्यांना तोवर एकत्र येऊन जवळजवळ चाळीस वर्षं झाली होती, आडनावही त्यांनी दोघांची नावं जोडून स्वतःच केलेलं. पुढे १ एप्रिल २००१ पासून नेदरलँड्सनं लग्नच खुलं केलं. त्या दिवसांचे फोटो बघून मला अजून भरून येतं. पण त्याच कायद्यांनी आणखी एक गोष्ट दिली, ज्याचे फोटो कुणी काढत नाही. वेगळं होण्याची रीत. तारीख, सही, वस्तूंची वाटणी, आजूबाजूच्या चार जणांना कळणं की यांचं संपलं, आता याला जरा सांभाळून घ्या. तो नवरा म्हणून बायकोपासून वेगळा झाला तेव्हा त्याला हे सगळं मिळालं, वकील, कागद, एका ठराविक दिवशी संपणं. ह्याच्यापासून वेगळा झाला तेव्हा कुणालाच काही मिळालं नाही. मला शेवटाचाही हक्क हवाय असं मी आता म्हणतो, आणि ऐकणारा गोंधळतो, म्हणून इतकं लांबण लावून लिहितोय.

मेंदूवरचंही वाचलं मी. हेलन फिशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये एक अभ्यास छापला होता, ज्यांना नुकतंच कुणीतरी सोडून गेलंय पण प्रेम गेलेलं नाही अशा पंधरा जणांना सोडून गेलेल्याचा फोटो दाखवायचा आणि त्या वेळी मेंदूचं स्कॅन करायचं. ओढ आणि व्यसन यांच्याशी जोडलेले भाग जागे झालेले दिसले. मला वाटलं चला, कळलं, मेंदूचं आहे सगळं, हळूहळू उतरेल. मग पुढे वाचलं तर त्या लोकांना सोडून गेल्याला सरासरी दोनच महिने झाले होते. आमच्याकडे नऊ वर्षं. तो कागद मी बंद केला. ह्याला त्याची तलफ आलेली नव्हती, ते मी समोर बघत होतो, हा त्याचा फोन वाजला तर धावत जात नव्हता, आरशात बघत नव्हता. हा नुसता शांत बसायचा आणि मधेच काहीतरी आठवून मान हलवायचा.

दोन आठवड्यांनी मीच म्हणालो, बोलव त्याला घरी. मला बघायचं होतं.

बेल वाजली, मी दार उघडलं. तो म्हणाला, "तुम्ही..." आणि माझं नाव घेतलं. तुम्ही म्हणाला मला. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा आहे तो. ह्याला हाक मारली ती "अरे" म्हणून, आतून, न ठरवता, आणि लगेच गप्प झाला जणू काही जास्त बोलून गेला. मीही त्याला अहो-जाहो करत राहिलो, आणि एकाच खोलीत तीन पुरुष, त्यातले दोन एकमेकांना अरे-तुरे, आणि मी ज्याच्याशी सहा वर्षं अरे-तुरे करतो त्याच्या शेजारी बसून मी तिसऱ्याशी आदरानं बोलतोय. समोर बसलेल्या माणसाला मनात तो म्हणताना पहिल्यांदाच अडखळायला झालं. तो आता लांब नव्हता, चार फुटांवर होता.

आणि तो माझ्यासारखा दिसत होता. चेहऱ्यानं नाही. अंगकाठी, चष्म्याची ठेवण, ऐकताना मान जरा डावीकडे झुकवणं. कुणी म्हणेल सगळ्यांचीच एक आवड असते, त्यात काय मोठंसं. असेल. पण पुरुषावर प्रेम करणाऱ्या पुरुषाच्या त्रिकोणात हे फार अंगावर येतं, कारण तुलना करायला मधे काहीच आडवं येत नाही. तीच शरीरं, तीच मापं. त्या दिवशी मी घरात घालायचा जुना निळा शर्ट घातला होता, कॉलर विरलेला, सहा वर्षं मी तो घालतोय, ह्याच्या कपाटातून पहिल्याच महिन्यात उचललेला. त्याच्या डाव्या बाहीला एक बटण वेगळंच आहे, पांढऱ्यांमध्ये एक करडं, काळ्या दोऱ्यानं शिवलेलं. बोलता बोलता त्याची नजर त्या बटणावर गेली आणि तिथे थांबली, आणि त्यानं ती काढून घेतली. काही बोलला नाही. मला कळलं.

रात्री विचारलं तर हा म्हणाला, हो, त्याचाच. बटण त्यानंच शिवलं होतं. मग मला कसा काय घालू दिलास? "तू घातलास तेव्हा छान वाटलं रे. तो शर्ट कुणीतरी घालावा असं वाटायचं." मला त्याचा राग यावा की काय व्हावं हे अजून ठरलं नाहीये. शर्ट मी धुऊन घडी घालून ठेवला. फेकला नाही आणि घातलाही नाही.

मित्रांना सांगितल्यावर दोन प्रकारचे सल्ले आले. एक म्हणजे ब्लॉक करायला लाव, आजच्या आज. दुसरा, तुम्ही तिघंही गेच आहात, ओपन करा ना नातं, एवढं काय. ज्यांचं ओपन नातं नीट चालतं अशा जोड्या मी जवळून बघितल्यात, ते ठरवतात शांत डोक्यानं, दोघांना हवं असतं म्हणून, आणि पुन्हा पुन्हा बसून बोलतात. एक जण हरवायची भीती वाटतेय म्हणून दार उघडं टाकायचं हा वेगळा प्रकार आहे. त्यात मी हो म्हणालो असतो तर ते माझं दुसरं "भेट ना" झालं असतं.

ब्लॉकचंही मला पटलं नाही. कॅथ वेस्टन नावाच्या मानवशास्त्रज्ञ बाईंनी सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातल्या समलिंगी माणसांमध्ये राहून अभ्यास केला, १९९१ मध्ये छापला, निवडून केलेल्या कुटुंबांबद्दल. त्यात आधीचे जोडीदार अनेकांच्या कुटुंबात धरलेले दिसतात, सोडून गेलेला माणूस काही वर्षांनी घरचा होऊन परत येतो. हे वाचायला फार सुंदर वाटतं. जगायला तितकं सोपं नाही. पण त्यामागचं कारण मला पटतं, की ज्यांना जन्माच्या घरानं पूर्ण ओळखलेलंच नाही त्यांना ओळखणारी माणसं मोजकी असतात, आणि त्यातलं एक माणूस कायमचं पुसून टाकणं परवडत नाही.

कवी ऑडेन आणि चेस्टर कॉलमन यांची गोष्ट मी आधी कधीतरी वाचली होती तेव्हा मला ऑडेनची चीड आली होती. १९३९ ला न्यूयॉर्कमध्ये भेटले, ऑडेन मनानं ते लग्नच समजत होता, १९४१ मध्ये कळलं की कॉलमनचं दुसऱ्या कुणाशी चालू आहे, आणि शरीराचं नातं तिथे संपलं. तरी एकमेकांना सोडलं नाही त्यांनी, ऑपेरासाठी एकत्र लिहिलं, वर्षातले कितीतरी महिने एका घरात राहिले, १९७३ मध्ये ऑडेन व्हिएन्नात वारला तोपर्यंत, आणि त्यानंतर कॉलमन दीड वर्षही जगला नाही. तेव्हा मला वाटलं होतं की स्वाभिमान नाही का या माणसाला. आता तसं वाटत नाही. माणसं एका नात्यातून उठून त्याच माणसाबरोबरच्या दुसऱ्या नात्यात जाऊन बसू शकतात, वेळ लागतो, आणि जवळच्यांना त्याचा त्रास होतो, पण होऊ शकतं.

आता तिच्याबद्दल. त्रिकोण त्रिकोण म्हणतात पण आमच्या गोष्टीत चौथं माणूस आहे आणि तिला सोडून हे लिहिलं तर तो खोटेपणा होईल. तो दुसऱ्यांदा आला तेव्हा हा कामावरून यायचा होता, आम्ही दोघंच होतो, आणि त्यानं मला सांगितलं की बायकोनं त्याला कसं ओळखलं. मेसेज नाही, फोन नाही. लग्नाच्या अल्बममधल्या ग्रुप फोटोवरून. तिनं एकदा तो फोटो समोर ठेवला आणि म्हणाली, इथे सगळे कॅमेऱ्याकडे बघतायत, हा डावीकडून तिसरा तुझ्याकडे बघतोय, आणि असं माझ्याकडे लग्नात कुणीच बघितलं नाही. मग विचारलं, मला आधी का नाही सांगितलंस.

त्याच्याकडे उत्तर नव्हतं. असणार कसं? भीती होती, घरच्यांचं दडपण होतं, हे मी समजू शकतो, आपल्यातला कोण ह्यातून गेला नाही. पण आपली भीती झाकायला दुसऱ्या माणसाचं आयुष्य वापरलं तर तो अन्यायच, आणि ते मी त्याला तोंडावर सांगितलं. त्यानं मान्य केलं. लेखक फॉर्स्टरची अशीच एक गोष्ट नेहमी कौतुकानं सांगतात, १९३० मध्ये त्याची बॉब बकिंगहॅम या पोलिसाशी ओळख झाली, १९३२ मध्ये बॉबनं मे नावाच्या नर्सशी लग्न केलं, फॉर्स्टरला आधी तिच्याबद्दल असूया होती, मग तिघांची गट्टी जमली, इतकी की १९७० मध्ये फॉर्स्टरचा शेवट त्यांच्याच कोव्हेंट्रीतल्या घरी झाला आणि शेवटी शुश्रूषा करायला मे होती. इंग्लंडमध्ये पुरुषांमधले संबंध १९६७ पर्यंत गुन्हा होते, तेव्हा दुसरा कुठला रस्ता त्यांना होता असं नाही. तरी ती गोष्ट आता आठवली की मला मे आधी दिसते. घर तिचं, नवरा तिचा, आणि आजारी माणसाच्या उशाशीही तीच.

त्या संध्याकाळी आणखी एक झालं, आणि तेही लिहितो. मी त्याला इतकं स्पष्ट बोललो, त्यानं ऐकून घेतलं, आणि मग तो म्हणाला, "इतकं सरळ माझ्याशी कुणी बोललंच नाही." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि हात जरा जास्त वेळ राहिला, आणि मला तो नकोसा वाटला नाही. मला तो आवडायला लागला होता. लोकांच्या डोक्यातल्या त्रिकोणात दोन बाजू असतात, मधल्या माणसाकडे जाणाऱ्या, आणि बाकीचे दोघं एकमेकांचे वैरी. आमच्यात तिसरी बाजूही जिवंत असू शकते, ती मधे मधे जागी होते आणि मग कोण कुणाचा मत्सर करतंय हेच कळेनासं होतं. मी बाजूला झालो. रात्री ह्याला सांगितलं, जसं झालं तसं. हा बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "मला वाईट वाटलं पण आश्चर्य नाही वाटलं." आणि आम्ही दोघं त्या रात्री पहिल्यांदा बरोबरीत होतो असं मला वाटलं, दोघांनाही एकमेकांपासून थोडं दुखलं होतं.

त्याला हा परत हवा होता, हे त्यानं लपवलं नाही. "मी थांबेन, किती पण," असं तो ह्याला म्हणाला होता आणि ह्यानं ते मला सांगितलं होतं. मग एक दिवस मी विचारलंच. तुला जायचंय का त्याच्याकडे?

"माहीत नाही," म्हणाला.

हे माहीत नाही चार दिवस घरात होतं. आम्ही कामाचं बोलायचो, लाइट बिल भरलं का, किल्ली कुठेय. चार दिवसांत मी दोनदा बॅग काढली आणि दोनदा परत वर ठेवली. ह्याला ते दिसलं असणार. पाचव्या रात्री हा स्वतःहून म्हणाला, "जायचं नाहीये. त्याला आज सांगितलं तसं. पण मला भीती कसली वाटते सांगू, तो पुन्हा निघून गेला की ते सगळं झालं होतं हे माझ्याशिवाय कुणालाच माहीत नसेल. चादर, पलंग, काहीच. मग मला पण वाटायला लागेल की झालंच नव्हतं."

मी म्हणालो, मग मला सांग. पहिल्यापासून.

तो अजून ह्याच शहरात आहे. महिन्यातून एखादा मेसेज येतो, कधी ह्याला, कधी मला. मला अजूनही तुम्ही म्हणतो. फोन वाजला की माझ्या पोटात अजून थोडं हलतं, ते गेलं असं मी म्हणणार नाही. आणि रात्री दिवा घालवायच्या आधी हा मला सांगतो, रोज थोडं थोडं. मी मधे मधे विचारतो. चादर कुठल्या रंगाची होती, खिडकी कुठल्या बाजूला होती, पहिलं भांडण कशावरून. कधी ऐकताना त्रास होतो आणि मी थांबवतो, मग दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे. एकदा सांगताना हा रडला, माझ्यासमोर, पहिल्यांदा, आणि मला त्याचा आनंद झाला नाही, जसा होईल असं वाटलं होतं. मी नुसता पाणी घेऊन आलो.

काल तिसरं वर्ष सुरू झालं. त्या वर्षी तो खूप आजारी पडला होता, एकवीस दिवस, आणि ह्याला रजा हवी होती तर ह्यानं ऑफिसात सांगितलं होतं की भाऊ आजारी आहे. मी म्हणालो, कुठला भाऊ, तुला भाऊच नाहीये.

"तेव्हा होता," हा म्हणाला. आणि मग तापाचं सांगायला लागला.